अंगणातून आलेली शाळा

नातू येत्या जूनमध्ये तीन वर्षांचा होईल. सूनबाईंपुढे दोन जागा आहेत. एक आमच्या गल्लीच्या टोकाला असलेली सरकारी अंगणवाडी, दुसरी गावाबाहेरच्या रस्त्यावरची इंग्रजी माध्यमाची नर्सरी; तिची पिवळी व्हॅन दारापर्यंत येते. घरात रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग घेतला, म्हणून माझं मत विचारतात. मत देण्याआधी या दोन्ही शाळा कुठून आल्या ते मला सांगावंसं वाटतं. ते ठाऊक असलं की काय बघायचं हे कळतं.

माझ्या लहानपणी अकलूजला तीन वर्षांचं मूल शाळेत घालायचं कुणाच्या मनातही येत नसे. मूल आजीजवळ, गोठ्यात, नाहीतर आईबरोबर रानात. उसाच्या सरीत झोळी बांधलेली असायची. शाळेची पहिली पायरी म्हणजे बिगरी, तीही पाच-सहा वर्षांची झाल्यावर. शंकरराव मोहिते-पाटलांनी 1948 साली शिक्षण प्रसारक मंडळ काढलं, पुढे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि ऊस-पाण्याच्या पैशाबरोबर मुलांना शिकवायची ओढ घराघरात आली. ती ओढ आधी हायस्कूलची होती, मग कॉलेजची. सगळ्यात धाकट्याकडे लक्ष सगळ्यात शेवटी गेलं.

पण त्याच्या कितीतरी आधी काही माणसांनी लहान मुलांचा विचार केला होता. 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी पहिलं बालगृह उघडलं. त्यांची पुस्तकं वाचून भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी वकिली बाजूला ठेवली आणि 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. तिथे जाऊन मिळाल्या आपल्या ताराबाई मोडक. ताराबाई राजकोटला मुलींच्या अध्यापक महाविद्यालयाच्या प्रमुख होत्या. मानाची, पगाराची जागा होती. ती सोडून त्या दोन-अडीच वर्षांच्या पोरांमध्ये येऊन बसल्या. बाईमाणसानं एवढं पद सोडून 'पोरं सांभाळायला' जावं, याला त्या काळी लोक काय म्हणाले असतील, याची मला पुरती कल्पना आहे. मलाही पहिलीचाच वर्ग का मागून घेता, असं सहकारी विचारत.

1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. 1936 साली ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. तिथे माँटेसरीबाईंचं साहित्य होतं, लाकडी ठोकळे, दट्ट्यांचे संच. मूल स्वतःच्या हातानं वस्तू उचलायचं, लावायचं, चुकलं तर पुन्हा लावायचं. बाई मध्ये बोलत नसत. 1939 साली स्वतः माँटेसरीबाई मद्रासच्या अड्यारला आल्या, युद्धामुळे 1946 पर्यंत इथेच राहिल्या आणि त्यांच्या हाताखाली शेकडो शिक्षक तयार झाले. तेव्हापासून 'माँटेसरी' हा शब्द आपल्या शहरांत प्रतिष्ठेचा झाला. आज तालुक्यातालुक्यात तो पाट्यांवर दिसतो, आत ठोकळे असोत वा नसोत.

ताराबाईंचं मोठेपण मला दिसतं ते पुढच्या टप्प्यात. दादरची शाळा उत्तम चालली होती, पण ती होती पांढरपेशांच्या मुलांची. मग 1945 साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. तरीही शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची गाठ पडल्यावर त्यांच्याबरोबर निघाल्या त्या कायमच्या.

बोर्डीत पहिली अडचण अशी की मुलं येईनात. बालवाडी चांगल्या जागी, वेळ ठरलेली, पण हरिजनवाड्यातल्या आया कामावर जाणाऱ्या. तीन वर्षांच्या पोराला कोण आणून सोडणार? तेव्हा या दोघींनी शाळाच उचलून वाड्यात नेली. घरापुढचं अंगण झाडायचं, पोरांना गोळा करायचं, हातपाय-तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून शंखशिंपले, गोटे, बिया, पानं, मातीची भांडी घेतली. हलकं-जड, लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून शिकता येतं. 1957 साली काम कोसबादच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छताखाली आणून विकासवाडी झाली, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून थोरली बहीण शाळा बुडवत होती. घराची अडचण ओळखून शाळेची घडी बसवणं, ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी शिकवण आहे. पहिलीच्या माझ्या वर्गातही कडेवर भावंड घेऊन आलेल्या मुली बसत, तेव्हा मला कोसबाद आठवे. ऊसतोडीच्या हंगामात बीड-नगरकडच्या टोळ्या आमच्याकडे उतरतात. त्यांच्या खोप्यांपुढे खेळणाऱ्या पोरांना तर आजही अंगणातलीच शाळा हवी आहे.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात 33 प्रकल्प होते. त्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. पण योजनेत सहा कामं होती: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठवणं, आयांना आरोग्य-आहाराची माहिती, आणि शाळापूर्व शिक्षण. कुपोषण एवढं मोठं होतं की आहारच पुढे आला, आणि तसं होणं योग्यही होतं. मात्र लोकांच्या तोंडी अंगणवाडी म्हणजे 'खाऊची शाळा' झाली. ज्याच्या घरी खायला आहे त्यानं तिकडे कशाला जायचं, असा समज पक्का झाला. ताराबाई-अनुताईंनी अंगण निवडलं ते शिकवण्यासाठी, हे विसरलं गेलं.

दरम्यान गावात पैसा आला, इंग्रजी शाळा आल्या. त्यांना पहिलीत तयार मुलं हवी होती, म्हणून खाली सीनियर केजी, त्याखाली ज्युनियर, त्याखाली नर्सरी. पहिलीचा अभ्यासच असा पायरी पायरीनं खाली उतरला. 1993 साली यशपाल समितीनं नर्सरीच्या प्रवेशासाठी परीक्षा-मुलाखती घेऊ नयेत, असं सांगितलं होतं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो; त्याआधीची तीन वर्षं त्याच्या बाहेरच राहिली. 2020 च्या शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, तेव्हा कुठे ती हिशेबात आली.

मी दोन्हीकडे जाऊन बसले. नर्सरीची इमारत स्वच्छ, फाटक कुलूपबंद, संडास पोरांच्या उंचीचे. बाई मायेच्या आहेत. पण तीन वर्षांची मुलं खुर्चीवर बसून ठिपक्यांवरून 'ए' गिरवत होती, आणि खेळणी वरच्या फळीवर होती. एका पोराला तहान लागली, तर त्याला आधी 'वॉटर' म्हणायला लावलं. पहिलीच्या वर्गात मी हे पुष्कळ पाहिलं आहे: फार लवकर गिरवलेलं मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, आणि बेंदराला चिखल तुडवून मातीचे बैल केलेलं मूल दोन महिन्यांत सुरेख अक्षर काढतं. बोटांना आधी ताकद यावी लागते. भाषेचंही तसंच. घरी आज्जीला 'पानी पायजे' म्हणणारं पोर तिथं गप्प बसायला शिकतं. कोसबादला बालवाडी वारली मुलांच्या स्वतःच्या बोलीतून चालली. इंग्रजी मला नको आहे असं नाही. ती पुढे चांगली यावी म्हणूनच आधी बोलकं मूल हवं.

अंगणवाडीत पोरं जमिनीवर होती, मोकळी होती. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होतं, त्याआधी इथल्या चिमुकल्यांची दिंडी निघते; त्याची गाणी चालू होती. खिचडी गरम होती. सेविका गोष्ट सांगायला बसली की पोरं तिच्या मांडीला चिकटतात. पण गोष्ट अर्ध्यावर राहिली. वजनं घ्यायची होती, गरोदर बाईची नोंद करायची होती, आणि 2021 पासून सगळं मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरावं लागतं. तिला पगार नाही, मानधन मिळतं. याच कारणावरून डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या होत्या. एकट्या बाईकडून सहा कामं करून घ्यायची आणि शिकवणं कमी पडलं म्हणून तिलाच नावं ठेवायची, हे मला बरोबर वाटत नाही.

सूनबाई बँकेत आहेत, संध्याकाळी उशिरा येतात. अंगणवाडी दुपारी सुटते. नर्सरीच्या बाजूनं हेच सर्वांत खरं कारण होतं, आणि ते मी हलकं मानत नाही. आणायला-न्यायला मी आहे, म्हणून आमच्या घरी अंगणवाडी ठरली. ज्या घरात आजी नाही त्यांना हा मार्ग उरतच नाही. विकासवाडीतलं पाळणाघर अंगणवाडीच्या सरकारी योजनेत सुरुवातीलाच आलं असतं तर तो उरला असता.

जूनच्या पालकसभेत मी लेखी अर्ज देणार आहे. रस्त्याच्या बाजूला कुंपण, पोरांच्या हाताला येईल अशी खालची फळी, तिच्यावर बिया-शिंपले-ठोकळे, आणि सकाळचे दोन तास सेविकेला नोंदींतून मोकळीक. गल्लीतल्या आणखी तीन घरांनी सही करायचं कबूल केलं आहे. नर्सरीला नाव घातलेल्या दोन आयांनाही मी विचारणार आहे, कारण अंगणवाडी त्यांचीही आहे.