बी न धरणारे फूल

दिवाळीच्या पहाटे उटण्यात हळद कालवताना तिच्या फुलाची आठवण कोणाला होते? हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या शिवारात जावे. पावसाळा सरताना केळीसारख्या पानांच्या कुशीतून कणसासारखा फुलोरा वर येतो. डोळ्यांत भरतात ती फिकट हिरवी-पांढरी पानेच. खरे पिवळे फूल त्यांच्या खोळीत दडलेले. लिनियसने १७५३ साली या आल्याच्या बहिणीला ‘कुर्कुमा लोंगा’ म्हटले. ‘कुर्कुम’ हा अरबी शब्द, आणि तोही मूळचा केशराचा! उसनवारी मोठी गमतीची खरी.

पण या फुलाला सहसा बी धरत नाही. गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्यात, तर हळदीत त्यांचे संच तीन. जोडी जुळत नाही. म्हणून तिचा वंश गड्ड्यांवर चालतो. कोणीतरी दर साली बेणे राखले, ज्येष्ठात लावले, माघ-फाल्गुनात खणले, पुन्हा राखले. हाच तिचा इतिहास, आणि तो कोणत्याही बखरीत नाही. एखाद्या साली सारेच शिजवून विकले, की त्या घरची हळद तिथेच खुंटली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बेण्याचे गड्डे मात्र शेतकरी आजही पूर्वीसारखेच निवडतो आणि सावलीत पाल्याखाली झाकून ठेवतो.