शोकेसचे दोन नवे कप्पे

पोलोग्राउंडच्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीला एक काचेचं कपाट आहे. घरातले सगळे त्याला शोकेस म्हणतात. सासऱ्यांनी ते करून घेतलं तेव्हा मी या घरात आलेली नव्हते. माझं माहेर सोलापूरचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला त्याच्यासमोर उभं केलं आणि एकेक वस्तू दाखवली. हा यांचा खेळातला कप, ही गिरणीतली ढाल, हे नोकरीला 25 वर्षं झाली तेव्हा मिळालेलं घड्याळ, हा पाहुण्यांचा टी-सेट. मी विचारलं, "आई, यात तुमचं काय आहे?" त्या हसल्या. म्हणाल्या, "फडकं माझं. पुसते मीच ना रोज."

त्या गेल्यावर त्यांची पेटी उघडली आणि हे बोलणं मला नव्याने आठवलं. पेटीत त्यांच्या आईचा पितळी अडकित्ता होता, कुंकवाचा करंडा होता, क्रोशाचे रुमाल होते, मण्यांचं तोरण होतं, शास्त्राच्या पोथीला गुंडाळायचं भरतकामाचं वेष्टन होतं, आणि स्वतःच्या हाताने उतरून काढलेली व्रतकथांची वही होती. मोजल्या तर लहानमोठ्या 63 वस्तू भरल्या. घरात लगेच प्रश्न आला, हे ठेवायचं कुठे? शोकेसमध्ये जागा नाही. कबाड्याला बोलवावं असंही कुणी तरी म्हणालं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. जागा नसली की माणूस असंच बोलतो.

मी टेप घेऊन शोकेससमोर बसले. काचेचा भाग 54 इंच उंच आणि त्यात कप्पे तीनच, प्रत्येकी 18 इंचांचे. सगळ्यांत उंच कप 11 इंचांचा, आणि खालच्या दोन कप्प्यांतली एकही वस्तू 6 इंचांच्या वर नाही. म्हणजे दोन कप्प्यांत अर्धी हवाच भरलेली होती! जागा होती, फळी नव्हती. सासऱ्यांची एकही वस्तू न हलवता खालच्या दोन्ही कप्प्यांत मधे एकेक काच बसली तर 9-9 इंचांचे चार कप्पे होणार होते.

खरं म्हणजे हा प्रयत्न पूर्वी एकदा झाला होता. मुलं लहान असताना एका सुताराने मधे 4 मिलिमीटरची काच टाकून दिली. आतली रुंदी साडेतीन फूट, आधार फक्त दोन टोकांना. सासूबाईंनी मोठ्या हौसेने त्यावर त्यांच्या माहेरची चिनी मातीची बरणी ठेवली. काच महिनाभर वाकलेली राहिली आणि एका दुपारी तडकली. बरणी फुटली. त्या काही बोलल्या नाहीत, तुकडे वेचले आणि म्हणाल्या, "माझ्या वस्तू पेटीतच बऱ्या." पुढे कितीही वर्षं गेली तरी त्यांनी पेटीतलं काही बाहेर काढलं नाही. एका पातळ काचेने एवढं केलं.

बायांनो, आपल्या घरांत काच आली कशी, याचा विचार मी त्यानंतर करू लागले. काच बाईच्या हातात आधी आली, बांगडी होऊन. भिंतीत आणि कपाटात ती फार उशिरा आली. जुन्या वाड्यात वस्तू ठेवायला कोनाडे होते, देवळ्या होत्या, खुंट्या होत्या, शिंकाळी होती आणि लाकडी दारांचं फडताळ होतं. काच असायची ती श्रीमंतांच्या हंड्या-झुंबरांत, आणि तीही बहुधा विलायतेहून आलेली.

पण दाखवण्याची जागा बाईकडे नव्हती असं नाही. स्वयंपाकघरातली मांडणी आठवा. चिंचेने घासून लखलखीत केलेले डबे, तांबे, पेले, गडवे उंचीप्रमाणे ओळीने लावलेले. येणारी बाई आधी मांडणीकडे बघायची आणि घर कसं चाललंय ते ओळखायची. दुसरी जागा रुखवत. मुलीने आणि तिच्या आईने महिनोन् महिने केलेलं काम लग्नाच्या दिवशी मांडायचं, चारचौघींनी बघायचं, वाखाणायचं. दुसऱ्या दिवशी ते पेटीत जायचं आणि पेटीतच जुनं व्हायचं.

काचेचं कपाट मध्यमवर्गीय घरात आलं ते बैठकीच्या खोलीत, म्हणजे जिथे पुरुषांकडे येणारे लोक बसतात तिथे. देशी काचेचे कारखाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभे राहू लागले. लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून तळेगावला पैसाफंड काच कारखाना 1908 साली निघाला. ओगले बंधूंचा कारखाना 1916 साली निघाला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी लागला. कंदिलाची काच आणि कपाटाची सपाट काच वेगळी, पण काच ही रोजची वस्तू होत गेली ती अशी. आमच्या शोकेसच्या जुन्या काचेतून तिरकं पाहिलं तर आतला कप किंचित हलल्यासारखा दिसतो. पूर्वी सपाट काच ओढून काढत, तिच्यात लाटा राहत. वितळलेली काच कथलाच्या रसावर तरंगवून एकसारखी करण्याची पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने 1959 साली जाहीर केली, आणि मग बिनलाटेची काच जगभर स्वस्त झाली. घरोघरी शोकेस होण्यामागे या काचेचाही हात आहे.

आता या शोकेसमध्ये काय ठेवायचं? कप, ढाली, सन्मानचिन्हं, परगावची खेळणी. जे बाहेरून मिळालं ते काचेत, आणि जे घरात केलं ते पेटीत. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण बहुतेक घरांत तो पाळलेला दिसतो.

हा नियम मोडणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर. घरचं चष्म्यांचं दुकान, आणि 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाई या कामात सोबत होत्या. त्यांनी राजांच्या तलवारीच तेवढ्या जमवल्या नाहीत. अडकित्ते, दिवे, विळ्या, कुंकवाचे करंडे, टाच घासायच्या वज्र्या असलं सगळं गोळा केलं. ज्या वस्तूंना कुणी वस्तू मानत नव्हतं, त्यांच्यासाठी ते गावोगाव फिरले. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला आणि पुढे तो त्यांनी महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. आज त्या संग्रहालयात 20 हजारांच्या वर वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या सुमारे 2,500. म्हणजे तिथेही फळ्या कमीच पडतात! पण मी तिथे गेले तेव्हा काचेमागे अडकित्त्यांची रांग पाहून थबकले. मोराचे, घोड्याचे, माणसांच्या आकृतींचे. घरी पेटीत होता तसाच एक त्यात दिसला. काचेच्या त्या बाजूला लोक माना वाकवून बघत होते. वस्तू तीच, फक्त तिला फळी मिळाली होती.

आणि फळी न मिळाल्याची गोष्ट बघायला तर लांब जायला नको, ती आपल्या इंदूरचीच आहे. आमच्या पोलोग्राउंडवर आता कारखान्यांचे शेड आहेत, वीज कंपनीचं कार्यालय आहे. नावात मात्र अजून होळकरांच्या काळातला खेळ आहे. त्या घराण्यातले यशवंतराव होळकर दुसरे आणि महाराणी संयोगिताराजे, दोघंही तरुण, दोघांनाही नव्या कलेची आवड. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतलं. युरोपातल्या त्या काळच्या उत्तमोत्तम कारागिरांचं सामान तिथे आलं. ब्रांकुसी या शिल्पकाराचे आकाशात झेपावणारे तीन पक्षी यशवंतरावांनी घेतले. एक पितळेच्या रंगाचा ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. त्या कामासाठी शिल्पकार स्वतः इंदूरला येऊन गेला. पण 1937 सालीच संयोगिताराजे गेल्या होत्या, आणि ते मंदिर कधी बांधलं गेलं नाही.

पुढे काय झालं? काळा आणि पांढरा पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, ब्राँझचा अमेरिकेत पासाडेनाला आहे. माणिकबागेतलं सामान 1980 साली मोंटे कार्लोला लिलावात निघालं. 2019 साली पॅरिसच्या एका मोठ्या संग्रहालयाने या राजाच्या आवडीवर प्रदर्शन भरवलं. माणिकबागेत सरकारी कर खात्याचं कार्यालय बसलेलं आहे. इंदूरच्या किती मुलींना माहीत असेल की आपल्या गावासाठी तीन पक्षी घेतलेले होते?

राजाचा पैसा होता, नजर होती, वस्तू होत्या. नव्हती ती वस्तूंची घरातली पक्की जागा. मला सासूबाईंची पेटी आणि माणिकबाग एका ओळीत ठेवताना संकोच वाटतो, पण कारण एकच दिसतं. ज्याला जागा नाही ते आधी आत जातं, मग बाहेर जातं.

असो. मी पोलोग्राउंडच्याच एका काचवाल्याकडे गेले. या वेळी चार प्रश्न विचारले. त्याने समजावलं, "बाईसाब, काच लंबाई से डरती है।" खरंच आहे ते. फळीची लांबी वाढली की वाक फार झपाट्याने वाढतो. उलट जाडी दुप्पट केली तर तेवढ्याच वजनाखाली वाक आठपट कमी होतो. म्हणून 4 ऐवजी 8 मिलिमीटरची काच घेतली, कडा घासून गोल करून. साडेतीन फूट लांब आणि एक फूट रुंद अशी एक फळी साधारण साडेसहा किलोची होते, वस्तू ठेवायच्या आधीच. त्यामुळे बाजूच्या फळ्या भुसभुशीत झालेल्या नाहीत ना हे आधी पाहिलं, चार कोपऱ्यांना धातूच्या पिना, त्यांवर रबराच्या टोप्या आणि मागे मधोमध एक आधार दिला. कडक केलेली काच हवी असेल तर माप आणि भोकं आधीच पक्की सांगायची, कारण ती भट्टीतून आल्यावर कापता येत नाही. भरतकाम आणि क्रोशा उन्हाच्या बाजूला ठेवायचा नाही, रंग उडतो. जड पितळ टोकांकडे, आधाराजवळ.

शेजारच्या काकूंनी विचारलंच, "अगं, जैनाच्या घरात कप्पे वाढवतेस? कमी करायचे असतात." प्रश्न खोटा नाही. मी त्यावर चार दिवस विचार केला. आपल्याकडे परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, वस्तूत गुंतलेलं मन. आणि गृहस्थाला सांगितलं आहे ते परिमाण, म्हणजे मर्यादा घालून घेणं. म्हणून मी मर्यादा घातली. 63 पैकी 19 वस्तू ठेवल्या, बाकीच्या नणंदांना, भाच्यांना आणि ज्यांना कामाच्या होत्या त्यांना दिल्या. नवं विकत काही आणायचं नाही. आणि शोकेसमध्ये काही घालायचं तर आधी काही काढायचं. काकू ऐकून म्हणाल्या, "मग ठीक." दोन दिवसांनी त्याच येऊन काच पुसून गेल्या.

एक काम राहिलं होतं. संग्रहालयात प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असते, तशी लिहायची होती. वस्तू काय, कुठली, कुणाची. अडकित्त्याखाली लिहायला घेतलं, "सासूबाईंच्या आईचा", आणि हात थांबला. त्यांच्या आईचं नाव? घरात कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंचं लग्नाआधीचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं, यांनाही आठवेना. सासऱ्यांच्या कपावर मात्र नाव, साल सगळं कोरलेलं.

मग व्रतकथांची वही पुन्हा काढली. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, लग्नाआधीच्या नावाने सही होती. त्याखाली "आईने सांगितल्यावरून लिहिले" असं लिहून आईचंही नाव. दोन्ही नावं मी मोठ्याने वाचली. यांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले.

आता त्या दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या नव्या फळीवर आहेत. वही मी काचेत ठेवली, पण बंद नाही, ते पान उघडं ठेवून. मैत्रिणींनो, तुमच्याकडे शोकेस असेल, नसेल, पेटी नक्की असेल. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसा, एकेक वस्तू काढा, आणि कुणाची ते विचारून एका कागदावर लिहून ठेवा. काच नंतर बसवता येते.