मेणवलीची घंटा

सातारा जिल्ह्यातील वाईपासून कोसभर अंतरावर, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव वसले आहे. नाना फडणविसांचा वाडा पाहून प्रवासी मागच्या घाटावर उतरतो, मेणेश्वराचे दर्शन घेतो आणि तेथील दगडी घुमटीत टांगलेल्या भल्यामोठ्या घंटेपाशी थबकतो. घंटेवर बाळ येशूसह पवित्र मरियेची उठावदार आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. महादेवाच्या दारी ही माउली आली कशी?

उत्तर वसईच्या इतिहासात आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली. पुढील दोनशे वर्षांत किल्ल्याच्या तटाआड फ्रान्सिस्कन, जेज्वीट, डोमिनिकन अशा संघांची भव्य चर्चे उभी राहिली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या मंदिरांना वाहिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील आणि भीमाशंकरची घंटा त्यांतल्याच मानल्या जातात, मेणवलीचीही. नानांचा जन्म १७४२ चा, मेणवली त्यांना मिळाली ती १७६८ मध्ये. तेव्हा ही घंटा नानांच्या घाटावर स्थिरावली, त्याआधी वसईच्या संग्रामाला एक पिढी उलटून गेली होती.

चर्चच्या वास्तुरचनेत मनोरा हा निव्वळ शोभेचा भाग नव्हे. तो घंटेचे घर असतो. १६०१ साली नव्याने बांधलेल्या वसईच्या संत जोसेफ चर्चचा मनोरा आजही उभा आहे. अशा मनोऱ्यात घंटा उंचावर असे, दोर खाली असे. तिचा नाद शेतांवरून, खाडीवरून दूरवर जाई. तो त्रिकाळ प्रार्थनेची आठवण देई आणि मृत्यूची वार्ताही सांगे. ती सर्वांना ऐकू येई, पण दिसत नसे. ओतकाराने एवढ्या निगुतीने घडवलेली मरियामातेची आकृती घंटा वर चढल्यानंतर कितीजणांच्या दृष्टीस पडली असेल? मंदिरातील घंटेची रीत निराळी. ती हाताशी असते. येणारा प्रत्येक भाविक स्वतः ती वाजवून देवापुढे उभा राहतो. मनोऱ्याच्या अंधारात राहिली असती ती कलाकृती आज मेणवलीत नजरेच्या टप्प्यात आली आहे.

आपल्यापैकी काहींना ही घंटा म्हणजे जुनी जखम वाटते. ती लढाईत जिंकून नेलेली वस्तू आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु युद्धाच्या काळात घंटेच्या धातूची वाट बहुधा तोफेच्या साच्याकडे जाते. जिंकणाऱ्यांनी ही घंटा वितळवली नाही, तिच्यावरील आकृती खरवडून काढली नाही. ती देवासमोर टांगली. इकडे किल्ल्यातील चर्चांची छपरे गेली, लाकडी वेद्या नाहीशा झाल्या, उरल्या त्या उघड्या भिंती. त्या चर्चांच्या कलेचा एक धडधाकट अवशेष परक्या अंगणातच सांभाळला गेला.

म्हणून वसईच्या चर्चांचा इतिहास लिहिणाऱ्याने किल्ल्याच्या तटापाशी थांबू नये. घाट चढून वर यावे, गावोगावच्या या घंटांवरील आकृत्या, अक्षरे, साले टिपून घ्यावीत, छायाचित्रे काढावीत. त्या परत मागण्यासाठी नव्हे, तर त्यांची ओळख पुसली जाऊ नये म्हणून. वसईकडची जुनी ख्रिस्ती माणसे चर्चला 'देऊळ'च म्हणत. त्या अर्थाने पाहिले तर ही घंटा एका देवळातून निघाली आणि दुसऱ्या देवळात पोहोचली.