उन्हावरचे पाणी

पश्चिम आफ्रिकेचे नाव आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसांच्या कानावर आले ते दाकार-नायजर रेल्वेच्या संपामुळे. ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू झालेला तो संप पाच महिन्यांहून अधिक चालला. पण त्या मुलखातल्या खेड्यांत एक झगडा त्याहून जुना आहे, तो पाण्याचा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्याला साहेल म्हणतात. १९६८ नंतर तेथे दुष्काळाची वर्षे आली. गुरे मेली, विहिरी आटल्या. पाणी खोल जमिनीत होते. ते वर काढून घरी आणायचे कोणी, याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते : बायकांनी.

ऊन मात्र हवे तेवढे. उन्हाच्या उष्णतेवर इंजिन चालविण्याचे प्रयोग दाकारच्या विद्यापीठात मॅसन आणि जिरार्दिए यांनी केले. परंतु ती यंत्रे महाग आणि गुंतागुंतीची ठरली. पुढे उजेडापासून थेट वीज करणारे सौरघट आले. बर्नार वेरस्पिएरेन या फ्रेंच धर्मगुरूने मालीमध्ये 'माली अक्वा विवा' ही संस्था काढली आणि १९७७ मध्ये नाबासो गावी सौरपंप बसविला. त्याचा एक दंडक आम्हांला फार मोलाचा वाटतो. गावाने आपला वाटा उचललाच पाहिजे. वर्गणी न देणारा सभासद युनियन आपली मानीत नाही, हे आम्ही गिरणीच्या फाटकावर शिकलो; या धर्मगुरूला ते कोठे उमगले कोण जाणे! १९९० नंतर साहेलमधील नऊ देशांत युरोपच्या पैशाने सहाशेंहून अधिक सौरपंप बसले, तेव्हाही पाण्याला दर लावून दुरुस्तीची तजवीज करावी लागली.

पिण्याच्या पाण्यावरून गोष्ट मळ्यापर्यंत गेली ती बेनिन देशाच्या उत्तरेस, कालाले भागात. २००७ मध्ये बेसासी आणि दुनकासा या दोन गावांत मिळून तीन मळे उभे राहिले. प्रत्येक मळा सुमारे अर्ध्या हेक्टरचा, तीस-पस्तीस बायकांचा. या कामात इक्रिसॅट ही संस्थाही होती. तिचे मुख्य ठाणे आपल्या हैदराबादजवळ पाटनचेरूला आहे. रचना साधी. सौर पॅनेलवर पंप चालतो, पाणी उंच टाकीत चढते आणि तेथून आपल्या वजनाने ठिबकच्या नळ्यांत उतरते. बॅटरी नाही. ऊन तापले की रोपांची तहान वाढते, आणि नेमके तेव्हाच पंपही जोरात चालतो.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. बायकांची मंडळे पंपाच्या आधीपासून होती. हाताने पाणी घालून त्या भाजी पिकवीत होत्या. यंत्र आले ते बांधलेल्या संघटनेच्या हाती आले, म्हणून ते टिकले, असे आमचे मत आहे. निव्वळ देणगीचे यंत्र पहिला वॉशर गेला की गंजत पडते.

२०१० मध्ये या मळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक मळ्यातून महिन्याला सरासरी १.९ टन माल निघाला : टोमॅटो, भेंडी, मिरची, वांगी, गाजरे. पाचव्या हिश्शाहून थोडा कमी माल घरच्या ताटात गेला, बाकीचा बहुतेक बाजारात. आणि पैसा बायकांच्या पदरी पडला. तुलनेसाठी जवळच्या दुसऱ्या गावांतलीही मंडळे घेतली होती. त्यांचे वाफे तसेच, बायकाही तेवढ्याच कष्टाळू. पाणी मात्र त्या अजून हातानेच वाहून आणीत होत्या.