पानावरचें तांबें

श्रोतेहो, पिकाची नासाडी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें टोळ येतात, उंदीर येतात, फार तर अवकाळी पाऊस येतो. बुरशी येत नाहीं. ती लोणच्यावर धरते, पावसाळ्यांत जोड्यांवर धरते. तिनें एखाद्या देशाची धूळधाण करावी हें शहरांत राहणाऱ्या माणसाला खरें वाटत नाहीं. पण १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याचीं पानें काळीं पडूं लागलीं, आणि पुढील सहासात वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व भुकेमागून आलेल्या तापांनीं मेलीं. त्याहून अधिक देश सोडून गेलीं. राज्यकर्त्यांचें धोरण निर्दय होतें हें खरें; तथापि आरंभ झाला तो पानावर उतरलेल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या एका बीजाणूपासून. त्या पानाचें रक्षण माणसानें कसकसें केलें हें आज सांगावयाचें आहे. हा इतिहास बहुतांशीं तांब्याचा आहे.

प्रथम मान द्यावयाचा तो बेनेदिक्त प्रेव्हो यांना. फ्रान्सच्या दक्षिणेस मोंतोबाँ येथें ते मुलांना शिकवीत. स्वतः बहुतेक सारें आपल्या हिमतीवर शिकलेले. (मास्तर मंडळींविषयीं मला थोडा पक्षपात आहे, तो श्रोत्यांनीं चालवून घ्यावा.) गव्हावरील काणीची काळी पूड पाण्यांत टाकून तिला मोड कसे फुटतात हें ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत असत. तांब्याच्या भांड्यांतील पाण्यांत मात्र मोड फुटेनात. तांब्याचा अंश पाण्यांत उतरतो आणि तो अगदीं थोडा असूनहि बीजाणूला मारक होतो, हें त्यांनीं ओळखलें, व मोरचुदाच्या पाण्यांत बीं भिजवून पेरावें असें १८०७ सालीं लिहून प्रसिद्ध केलें. त्या काळचे पंडित उलटें मानीत: रोप आधीं आजारी पडतें, मग त्याच्या अंगांतून बुरशी निघते. लहान गांवांतल्या शिक्षकाचें कोण ऐकणार? बीं भिजविण्याची रीत शेतकऱ्यांनीं हळूहळू उचलली. पण उभ्या पिकाच्या पानावर तांबें लावण्याची कल्पना रूढ व्हावयास पाऊणशें वर्षें लागलीं.

ती रूढ झाली तीहि चोरांच्या कृपेनें. १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतून आणलेल्या द्राक्षवेलींबरोबर केवडा हा रोग, नाशिककडील बागाईतदार ज्याला डाऊनी म्हणतात तो, फ्रान्सांत दिसूं लागला. त्या वेली आणल्या होत्या मुळें पोखरणाऱ्या एका किडीवर उपाय म्हणून. एक संकट घालवावयास गेले आणि दुसरें घरांत आलें. १८८२ च्या ऑक्टोबरांत बोर्दो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक अलेक्सी मिलार्दे मेदोक प्रांतांत साँ-ज्युलियाँ येथील बागांतून चालले होते. रोगानें वेली ओक्याबोक्या झालेल्या. फक्त वाटेच्या कडेच्या ओळींवर पानें शाबूत. जवळ जाऊन पाहतात तों त्या पानांवर निळसर पुटें. चौकशी केली तेव्हां समजलें कीं, वाटसरू द्राक्षें तोडतात म्हणून मालक मोरचूद आणि चुना कालवून कडेच्या वेलींवर शिंपडतात. वेल विषारी दिसली कीं चोराचा हात आखडतो. कित्येक लोक तेथून रोज जात असतील. थांबून विचारणारा विरळा.

रसायनज्ञ युलिस गेयाँ यांच्या साह्यानें मिलार्दे यांनीं प्रयोग केले आणि १८८५ सालीं कृति जाहीर केली: १०० लिटर पाण्यांत ८ किलो मोरचूद, ३० लिटर पाण्यांत १५ किलो चुना, मग दोन्हीं एकत्र. हें दाट कालवण कुंच्यानें वेलींवर उडवावयाचें. यालाच पुढें बोर्डो मिश्रण हें नांव पडलें. आज आपल्याकडे एक टक्का मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद व १ किलो चुना एवढेंच घेतात. आठांवरून एकावर! माझ्या मतें या इतिहासाचें सूत्र येथेंच सांपडतें: पान तेंच, रोग तोच, तांबें मात्र कमी कमी.

मिलार्दे यांनीं आणखी एक गोष्ट बजावली होती. बीजाणु पानांत शिरल्यावर औषध निरुपयोगी; तो यावयाच्या आधीं तांबें पानावर हजर पाहिजे. म्हणजे तें पावसांत टिकलें पाहिजे. आपल्याकडे ही परीक्षा सह्याद्रीच्या पावसानें घेतली. सुपारीचे कोंवळे घड कुजविणारा कोळेरोग या पट्ट्यांत जुना. म्हैसूर संस्थानांतील शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनीं १९१० सालीं त्याचें कारण दाखवून दिलें आणि राळेनें चिकट केलेलें बोर्डो मिश्रण त्यावर उपयोगांत आणलें. कोंकणांत व गोव्यांत आजहि पाऊस लागण्यापूर्वीं पोफळीच्या शेंड्यापर्यंत हें निळें पाणी पोंचवावें लागतें. (केवडा, कोळेरोग आणि बटाट्याचा तो रोग यांच्या जंतूंना आजचे शास्त्रज्ञ खऱ्या बुरशींत गणत नाहींत, त्यांचें कूळ शेवाळांशीं अधिक जवळचें. तांब्याला तो भेद ठाऊक नाहीं.)

आतां गेल्या वीसपंचवीस वर्षांतील प्रकरण. मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. १ पासून १०० नॅनोमीटरपर्यंतच्या कणांना नॅनोकण म्हणण्याचा प्रघात आहे. इतकें बारीक करून मिळतें काय? शाळेंतलें गणित करून पाहूं. एक सेंटिमीटर बाजूचा तांब्याचा ठोकळा घ्या. त्याचें पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे ठोकळे पाडले तर सर्वांचें मिळून पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! धातु तेवढाच, बुरशीशीं गांठ पडण्याची जागा मात्र दहा लक्ष पट. तांब्याचे, जस्ताच्या भस्माचे, चांदीचे असे कण प्रयोगशाळांतून वापरून पाहिले आहेत. कोळंबीच्या कवचांतून निघणाऱ्या कायटोसन या पदार्थांत तांबें गुंतवून तें सावकाश सुटेल अशीहि युक्ति केली आहे. अमरावती विद्यापीठांतील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तर कथेंत शोभेल असा आहे. अल्टरनेरिया ही पानांवर ठिपके पाडणारी बुरशी. तिच्याच अर्कांत चांदीचा क्षार घालून त्यांनीं तिच्याकडून चांदीचे नॅनोकण घडवून घेतले, आणि ते फ्लुकोनॅझोल या औषधाच्या जोडीनें इतर जातींच्या बुरशीवर सोडले.

मग अडलें कोठें? तांबें कुजत नाहीं; पानावरून गळालें कीं मातींत सांचतें. युरोपांतील जुन्या द्राक्षबागांत तें इतकें सांचलें कीं, २०१९ पासून तेथें सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घालण्यांत आली. थोड्या तांब्यांत काम भागविणारा कण म्हणूनच हवासा वाटतो. पण इतका बारीक कण फवारणाऱ्याच्या श्वासांतून, गांडुळाच्या पोटांतून, फळाच्या सालींतून पुढें कोठें जातो, हें कुंडींतल्या रोपावर चार महिने प्रयोग करून कळणार नाहीं. आपल्या देशांत २०२० सालीं केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानें अशा मालाची पारख कशी करावी याचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, हें मला योग्य वाटतें. दोन एकरवाल्या बागाईतदाराजवळ बोर्डो मिश्रणाची एक साधी कसोटी असते: लखलखीत विळा मिश्रणांत बुडवावा, वर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडला, आणखी घालावा. नॅनोकणाची पारख विळ्यानें होत नाहीं. ती प्रयोगशाळेंतच व्हावयाची, आणि तिचा निकाल त्याला समजेल अशा मराठींत बाटलीवर छापून आला पाहिजे.