उस्मानाबाद गर्भाशयमुख कर्करोग तपासणी चाचणी

उस्मानाबाद गर्भाशयमुख कर्करोग तपासणी चाचणी ही महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेली समूह-यादृच्छिक वैद्यकीय चाचणी होती. लक्षणे दिसण्यापूर्वीच गर्भाशयमुखाचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था ओळखण्याच्या तीन पद्धतींपैकी कोणती पद्धत स्त्रियांचे मृत्यू प्रत्यक्ष कमी करते, हे तपासणे हा तिचा हेतू होता. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा तिच्यात समावेश होता. निष्कर्ष २ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) शोध घेणारी तपासणी आयुष्यात एकदाच केली तरी या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, असे या चाचणीत आढळले. कोणतीही तपासणी न मिळालेल्या तुलना-गटामुळे ही चाचणी पुढे नैतिक वादाचा विषयही ठरली.

पार्श्वभूमी

गर्भाशयमुखाचा कर्करोग सावकाश वाढतो. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून पेशींमधील बदल आणि त्यानंतर प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा ते वीस वर्षे जातात. या काळात स्त्रीला सहसा काहीही त्रास होत नाही. अंगावरून पांढरे जाणे, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग पुष्कळदा पुढे गेलेला असतो. मात्र पूर्वावस्थेतील बदल आढळले, तर तेवढा भाग गोठवून किंवा कापून काढता येतो आणि कर्करोग टळू शकतो. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅप तपासणीच्या नियमित कार्यक्रमांनी या रोगाचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आणले. त्यासाठी प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि दर काही वर्षांनी पुन्हा येणाऱ्या स्त्रिया, असे तिन्ही घटक लागतात. भारताच्या ग्रामीण भागात यांपैकी काहीही पुरेसे नव्हते आणि सरकारचा संघटित तपासणी कार्यक्रमही नव्हता.

चाचणीचे केंद्र सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय हे होते. उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्याच्या गावी १९८७ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमांतर्गत ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेडी तिच्या कक्षेत येतात. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. खेड्यातील रुग्ण मात्र अनेकदा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी पाठवत. केवळ या संपर्कामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्याचे कस्तुरी जयंत, भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. पुढील चाचणीला लागणारा गावांशी संपर्क आणि नोंदी ठेवण्याची सवय या कामातून आलेली होती.

रचना

बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ही चाचणी केली. रेंगस्वामी शंकरनारायणन, भगवान नेने आणि सुरेंद्र शास्त्री हे तिच्या प्रमुख संशोधकांपैकी होत. अर्थसाहाय्य बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचे होते.

सोडत स्त्रियांची न काढता ग्रामसमूहांची काढण्यात आली. एकाच गावात शेजारणीला एक तपासणी आणि दुसरीला वेगळी, असे व्यवहारात निभावणे अवघड असते, तसेच त्यातून गटांची सरमिसळ होते. त्यामुळे ५२ ग्रामसमूह चार गटांत विभागले गेले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६, पेशीतपासणीच्या गटात ३२,०५८, आम्लतपासणीच्या गटात ३४,०७४ आणि तुलना-गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. तुलना-गटातील स्त्रियांना रोगाविषयी माहिती आणि उपलब्ध सेवांचा पत्ता देण्यात आला; तपासणी देण्यात आली नाही.

तपासणीच्या तिन्ही गटांत बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के प्रत्यक्ष आल्या. गावपातळीवर 'आशा' कार्यकर्त्या येण्याच्या आधीचा हा काळ आहे, हे लक्षात घेता हा आकडा मोठा म्हणावा लागेल. तपासणी एकदाच करायची होती. नंतर सुमारे आठ वर्षे सर्व गटांतील कर्करोगाच्या नोंदी व मृत्यू यांचा मागोवा घेण्यात आला.

तीन पद्धती

आम्लतपासणीत गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून सुमारे एक मिनिटाने ते नुसत्या डोळ्यांनी पाहिले जाते. व्हिनेगरमधला मुख्य घटक तो हाच. बदललेल्या पेशींचा भाग पांढरट दिसतो. पद्धत अतिशय स्वस्त, प्रयोगशाळा अनावश्यक आणि निकाल जागेवरच. मात्र जळजळ किंवा साधा संसर्गही कधी कधी तसाच पांढरट दिसतो, त्यामुळे सारे काही पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते. पेशीतपासणी (पॅप) म्हणजे गर्भाशयमुखावरून हलकेच खरवडून घेतलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली वाचणे. एचपीव्ही तपासणीतही नमुना असाच घेतला जातो, पण त्यात पेशींचे रूप न पाहता कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूप्रकारांचे डीएनए शोधले जाते. हा विषाणूच या कर्करोगाच्या मुळाशी असल्याचे दाखवल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उस्मानाबादमध्ये 'हायब्रिड कॅप्चर २' हा संच वापरण्यात आला. तो महाग होता आणि त्याला प्रयोगशाळा लागत असे.

पहिल्या फेरीचे निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आम्लतपासणीत १४ टक्के, पेशीतपासणीत ७ टक्के आणि एचपीव्ही तपासणीत १०.३ टक्के स्त्रियांचा निकाल सदोष आला. पुढील तपासात गंभीर पूर्वावस्था अनुक्रमे ०.७, १.० आणि ०.९ टक्के स्त्रियांमध्ये सापडली. म्हणजे आम्लतपासणीत बोट दाखवलेल्या सुमारे वीस स्त्रियांपैकी एकीला, एचपीव्ही तपासणीत अकरांपैकी एकीला आणि पेशीतपासणीत सातांपैकी एकीला खरोखर गंभीर दोष होता. उरलेल्यांना मोठ्या तपासण्या आणि काही दिवसांची काळजी मात्र सोसावी लागली. एकूण शोधात तिन्ही पद्धतींमध्ये फारसे अंतर नव्हते. चाचणी इथेच थांबवली असती, तर स्वस्त असलेली आम्लतपासणीच पुढे नेण्याचा सल्ला मिळाला असता.

निष्कर्ष

आठ वर्षांनंतर चित्र बदलले. एचपीव्ही गटात १२७ आणि तुलना-गटात ११८ स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याची नोंद झाली. हे दोन आकडे प्रथमदर्शनी गोंधळात टाकतात, कारण तपासणी झालेल्या गटात रुग्ण कमी न होता थोडे अधिकच दिसतात. तपासणीत आधीपासून दडलेले कर्करोगही उघड होत असल्याने असे घडते. फरक टप्प्यात होता. तुलना-गटातील ११८ रुग्णांपैकी ८२ जणींचा रोग दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात सापडला, म्हणजे दहांपैकी सात. एचपीव्ही गटातील १२७ पैकी ३९ जणींचा, म्हणजे दहांपैकी तीन. तुलना-गटात या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या, एचपीव्ही गटात ३४. गटांच्या आकाराचा व वयाचा हिशेब धरता मृत्यूचा धोका सुमारे ४८ टक्क्यांनी कमी ठरला. पेशीतपासणी आणि आम्लतपासणीच्या गटांत मृत्यूंमध्ये संख्याशास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य अशी घट आढळली नाही.

व्यवहारात अधिक उपयोगी ठरलेला निष्कर्ष निर्दोष निकाल आलेल्या स्त्रियांविषयीचा आहे. एचपीव्ही तपासणी निर्दोष ठरलेल्या स्त्रियांच्या तुलनेत पेशीतपासणी किंवा आम्लतपासणी निर्दोष ठरलेल्यांमध्ये पुढील वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण चौपटीहून अधिक होते. ज्या स्त्रीला मजुरी बुडवून, घरच्यांची परवानगी घेऊन पुन्हा येणे कठीण आहे, तिला एकदा दिलेला 'काही नाही' हा निर्वाळा किती वर्षे विश्वासार्ह राहतो, हा ग्रामीण तपासणीतील कळीचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर या आकड्यात मिळते.

नियतकालिकाच्या त्याच अंकात या शोधनिबंधावर संपादकीय लेख होता. त्यात या निष्कर्षांचा उपयोग भारताबाहेरही होईल, असे मत मांडले गेले.

मतभेद

एक कोडे मात्र उरते. पहिल्या फेरीत पेशीतपासणीने गंभीर पूर्वावस्था एचपीव्ही तपासणीइतक्याच, किंबहुना किंचित अधिक शोधल्या होत्या; मग मृत्यूंमध्ये एवढा फरक का पडावा? विषाणूचा संसर्ग पेशी बदलण्यापूर्वीच पकडला जातो, हे एक स्पष्टीकरण आहे. ते साऱ्या तफावतीला पुरेसे आहे असे म्हणता येत नाही.

आम्लतपासणीच्या बाबतीत इतर भारतीय चाचण्यांचे निकाल वेगळे आहेत. तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात परिचारिकांनी केलेल्या आम्लतपासणीच्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या चाचणीत ही तपासणी दर दोन वर्षांनी चार वेळा झाली. ती वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण काळजीपूर्वक प्रशिक्षित केलेल्या आरोग्यसेविकांनी केली. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादमध्ये आम्लतपासणीची शोधक्षमता काम पुढे सरकत गेले तशी ०.५ टक्क्यांपर्यंत उतरली होती. नजरेवर चालणारी पद्धत प्रशिक्षण आणि देखरेख ढिली पडताच किती घसरते, हे या तीन चाचण्या शेजारी ठेवल्यावर दिसते.

नैतिक वाद

तुलना-गटातील ६४ मृत्यू हा चाचणीचा सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा आहे. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये भारतातील अशा चाचण्यांवर कठोर टीका केली. पॅप तपासणीचा उपयोग अनेक दशकांपासून ज्ञात असताना तपासणी न मिळणारा गट ठेवण्याची गरजच नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकी पैशांवर झालेल्या या चाचण्यांच्या तुलना-गटांत मिळून किमान २५४ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्युमुखी पडल्या, असा हिशेब त्यांनी मांडला. कार्यक्षम तपासणी अस्तित्वात आहे हे त्या स्त्रियांना पुरेशा स्पष्टपणे सांगितले गेले होते का, हाही त्यांचा प्रश्न होता.

संशोधकांची बाजू अशी की, भारतात त्या काळी 'प्रचलित उपचार' म्हणजे तपासणीचा अभाव हाच होता. चाचणीने कोणाकडूनही मिळत असलेली सेवा काढून घेतली नाही. पॅप तपासणी श्रीमंत देशांत यशस्वी झाली म्हणून ती बार्शी-उस्मानाबादच्या खेड्यांतही होईलच, असे गृहीत धरता येत नव्हते, आणि पेशीतपासणीच्या गटाचा निकाल पाहता ही शंका निराधार नव्हती. मृत्यूंतील घट सिद्ध झाल्याखेरीज सरकारे खर्च करत नाहीत, हाही युक्तिवाद झाला. पण तुलनेसाठी तपासणीविना गट ठेवण्याऐवजी तीन पद्धतींची परस्परांशी तुलना करता आली असती का, या मूळ प्रश्नाला यातून पूर्ण उत्तर मिळत नाही. सेवा नसणे हीच जिथे रीत आहे, तिथे त्या रीतीलाच तुलनेचा पाया मानावे का, हा वाद वैद्यकीय नीतिशास्त्रात या चाचण्यांच्या संदर्भात आजही मांडला जातो.

पुढील घडामोडी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए तपासणीची शिफारस केली. त्याआधी २०२० मध्ये जाहीर केलेल्या जागतिक धोरणात ३५ आणि ४५ या वयांत मिळून दोनदा अशी उच्च दर्जाची तपासणी ७० टक्के स्त्रियांना मिळावी, असे उद्दिष्ट होते. भारत सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात मात्र ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी आम्लतपासणी ठरवण्यात आली. खर्च आणि प्रयोगशाळांची टंचाई ही त्यामागची उघड कारणे होत. तीही फारशी पोहोचलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे सांगितले.

बार्शीचे रुग्णालय नंतर एचपीव्ही लसीच्या मात्रांच्या अभ्यासातही सहभागी झाले. २००९ मध्ये सुरू झालेल्या या बहुकेंद्री अभ्यासात मुलींना दोन किंवा तीन मात्रा द्यायच्या होत्या. परंतु एप्रिल २०१० मध्ये देशभर एचपीव्ही लसीच्या चाचण्यांतील लसीकरण थांबवण्यात आले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. त्यांचा दहा वर्षे मागोवा घेतल्यावर एका मात्रेनेही टिकाऊ संरक्षण मिळत असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या स्वदेशी लसीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. लस मुलींसाठी आहे. उस्मानाबाद चाचणीतील वयाच्या स्त्रियांसाठी तपासणी हाच मार्ग राहतो.