हीपमधला पंचविसावा बाइट

मेमरी मागताना किंवा परत करताना प्रोग्राम कोसळला, की पहिला संशय मॅलॉक आणि फ्री या फंक्शनांवर जातो, कारण बॅकट्रेसमध्ये वर त्यांचीच नावे असतात. हा संशय जवळजवळ नेहमीच चुकीचा ठरतो. मॅलॉकला मेमरीच्या हिशेबाची बिघडलेली नोंद फक्त सापडलेली असते. ती बिघडवणारी ओळ केव्हाच चालून गेलेली असते. म्हणून या तपासात प्रोग्राम कुठे पडला यापेक्षा नोंद कोणी पुसली, हा प्रश्न धरून बसावे लागते.

ही नोंद जवळून पाहू. लिनक्सवरच्या जीलिबसी लायब्ररीतला मॅलॉक हा डग ली यांनी १९८७ पासून घडवलेल्या ॲलोकेटरच्या वंशातला. ६४-बिट यंत्रावर तो प्रत्येक तुकड्याच्या अगदी आधीच्या ८ बाइटांत त्या तुकड्याचा आकार लिहून ठेवतो. आकार १६ च्या पटीत असल्यामुळे त्या संख्येचे खालचे बिट खुणांसाठी मोकळे राहतात. सर्वांत खालचा बिट मागचा तुकडा वापरात असल्याचे सांगतो. सर्वांत लहान तुकडा ३२ बाइटांचा, आणि त्यातले २४ आपल्या हाती येतात. पंचविसाव्या बाइटापासून शेजाऱ्याची आकार-नोंद सुरू होते.

आता सी भाषेतला एक प्रोग्राम जिल्ह्यांची नावे साठवतो असे धरू. स्ट्रलेनने लांबी मोजली, तेवढीच मेमरी मागितली आणि स्ट्रकॉपीने नाव उतरवले. शेवटच्या शून्य बाइटाची जागा धरायची राहिली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. ‘नागपूर’ची चिन्हे सहा, म्हणजे १८ बाइट; शून्य एकोणिसाव्या बाइटावर, रिकाम्या जागेत पडते. ‘कोल्हापूर’चे २७ बाइट होतात, पण त्याला मोठा तुकडा मिळतो, ४० बाइट वापरता येतील असा. तेही निभावते. ‘चंद्रपूर’ची चिन्हे मात्र आठ, म्हणजे नेमके २४ बाइट, आणि शून्य थेट शेजाऱ्याचा बांध कोरते. इंटेल पद्धतीच्या यंत्रावर संख्येचा सर्वांत खालचा बाइट आधी असतो, तोच पुसला जातो.

पुढे काय होईल हे शेजारी कोण, यावर ठरते. तिथे ४८ बाइटांचा वापरातला तुकडा असेल, तर खुणेसह ४९ ही नोंद शून्य होते, आणि पुढे कधीतरी तो तुकडा परत करताना ‘फ्री(): इनव्हॅलिड पॉइंटर’ असा संदेश देऊन प्रोग्राम थांबतो. पॉइंटर अगदी बरोबर असतो, तरीही! शेजारी हीपच्या, म्हणजे मॅलॉक ज्यातून तुकडे देतो त्या मेमरीच्या, टोकाची शिल्लक जागा असेल, तर तिचा आकार थोडा घटलेला दिसतो, एवढेच. ती जागा संपून मॅलॉक कर्नलकडे आणखी मेमरी मागायला जाईपर्यंत सगळे सुरळीत चालते, आणि मग तिथल्या तपासणीत आकड्यांचा मेळ बसत नाही. चूक एकच, पण क्रॅश दोन अगदी वेगळ्या ठिकाणी. म्हणूनच मध्ये एखादी प्रिंटची ओळ घातली किंवा चार बाइट जास्त मागितले, की लक्षण नाहीसे होते. याला दुरुस्ती म्हणणे मला धोक्याचे वाटते. मांडणी बदलली, चूक जागेवरच आहे.

खरा उपाय म्हणजे चूक आणि क्रॅश यांच्यातले अंतर मिटवणे. २०१२ साली गूगलच्या अभियंत्यांनी मांडलेला ॲड्रेससॅनिटायझर नेमके हेच करतो. तो मेमरीच्या दर ८ बाइटांची स्थिती १ बाइटात नोंदवतो, प्रत्येक तुकड्याभोवती निषिद्ध पट्टे ठेवतो आणि परत केलेले तुकडे लगेच पुन्हा वापरात येऊ देत नाही. त्यामुळे परत केलेल्या मेमरीवरचे लिखाणही सहसा सापडते. प्रोग्राम साधारण दुप्पट संथ होतो आणि नव्याने कंपाइल करावा लागतो. ते शक्य नसेल तर व्हॅलग्रिंड आहे. तो मात्र वेग कित्येक पटींनी खाली आणतो. क्रॅश क्वचितच होत असेल, तर मोझिलात घडलेला आरआर डीबगर मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात क्रॅशसह एक धाव नोंदवून ठेवायची, बिघडलेल्या ८ बाइटांवर वॉचपॉइंट, म्हणजे तिथे लिखाण होताच थांबवणारी खूण, लावायचा आणि प्रोग्राम उलटा चालवायचा. पहिला थांबा येतो तो तिथल्या शेवटच्या लिखाणापाशी, म्हणजे वापरातल्या शेजाऱ्याच्या बाबतीत स्ट्रकॉपीपाशी.

ॲड्रेससॅनिटायझर ‘नागपूर’वरही थांबतो. एरवी जे नाव कधीच प्रोग्राम पाडणार नाही, तिथेही १८ बाइटांच्या जागेबाहेर लिखाण झाल्याचे तो सांगतो आणि ती जागा कोणत्या ओळीत मागितली तेही दाखवतो. त्या ओळीत लांबीत एक मिळवायचा, आणि स्ट्रलेनचे उत्तर जसेच्या तसे मॅलॉकला दिलेली बाकीची ठिकाणेही त्याच बैठकीत शोधून काढायची.